पाणी तयार होईपर्यंत

“मासे मिळणार नाहीत,” असं सांगणारा माशांचा दुकानदार मला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच भेटला.

खरं तर मला चौकातल्या मोठ्या दुकानात जायचं होतं. पण दातांच्या दवाखान्यात रिसेप्शन सांभाळून पायांत जीव उरला नव्हता, म्हणून अलीकडच्याच बोळातल्या या छोट्या दुकानात शिरले. डॉक्टरबाईंचा हुकूम होता – वेटिंग रूममध्ये फिशटँक हवा, पेशंट घाबरतात.

“का मिळणार नाहीत?”

“टाकी कधी भरलीत?”

“उद्या भरणार.”

“मग परवा सोडाल आणि तेरवा सगळे पोट वर करून तरंगतील.” त्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, आणि डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. “पेशंट जास्तच घाबरतील हो.”

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी... माझं मलाच ते अनोळखी वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो सामान घेऊन स्वतःच आला. तळाला मातीचा थर, वर बारीक खडी. खडी धुवायचं काम त्याने बिनदिक्कत माझ्यावर ढकललं. “पाणी गढूळ येतंय तोवर धुवा.” मग खडीवर बशी ठेवून त्यावर हळूहळू पाणी ओतलं, खालची माती उसळू नये म्हणून. चिमट्याने एकेक रोप रोवलं. जाड पानांचं एक रोप दगडाला दोऱ्याने बांधायचं होतं.

“इथे बोट धरा.”

मी धरलं. गाठ बसली, तरी बोट काढायला मी जरा उशीरच केला... आणि त्यानेही घाई केली नाही.

“आता थांबायचं,” तो घाईघाईने म्हणाला. “महिनाभर तरी. फिल्टर सतत चालू, दिवा सहा-सात तास. दिवसाआड चिमूटभर खाद्य टाका. माशांची घाण पचवणारे बारीक जीव आधी पाण्यात वाढायला हवेत. मी दर गुरुवारी येऊन तपासेन.”

दहाव्या दिवशी पानं कुजायला लागली. मी दुकानात फोन केला. “तुमची रोपं मेली.” तो पंधरा मिनिटांत हजर.

“माझ्या हातून काही टिकत नाही,” मी म्हणाले. “लग्न दोन वर्षं टिकलं. हे तर दहाच दिवस.”

त्याने समजूत काढली नाही. कात्री घेतली, कुजकी पानं कापली आणि मला खाली वाकायला लावलं. देठापाशी तांदळाएवढा हिरवा कोंब होता.

“पाणी बदललं की जुनी पानं टाकतात ही. तुमचा काही दोष नाही.”

लग्न मोडल्यापासूनच्या तीन वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं – आईनेसुद्धा नाही.

मग गुरुवार येत राहिले. तो काचेच्या नळीत पाणी घ्यायचा, औषधाचे थेंब टाकायचा, रंग कार्डाशी जुळवायचा. “अजून नाही.” चौथा गुरुवार गेला, पाचवा गेला, सहावाही. एका आजोबांनी विचारलं, “मासे दात काढायला आत गेलेत का?” डॉक्टरबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून झापलं. पुढच्या गुरुवारी मासे दिसले नाहीत, तर टाकी बाहेर.

सातव्या गुरुवारी त्याने नळी उजेडात धरली. “थोडं अजून...”

“पिवळा आहे,” मी म्हणाले. “गेले दोन गुरुवारही पिवळाच होता. पिवळा म्हणजे तयार. कार्ड मलाही वाचता येतं.”

त्याचे कान लाल झाले. “मग बोलला का नाहीत? बोलणी खात बसलात?”

“तुम्ही का नाही बोललात?”

“मासे सोडले की –” तो नळी पुसत राहिला. “इथे यायला मला काही कारणच उरत नाही.”

मला जोरात हसावंसं वाटत होतं, पण तेवढा दम नव्हता.

“आधीच सांगून ठेवते,” मी म्हणाले. “मी फार दमलेली असते. घरी गेल्यावर मला कुणाशी बोलवतसुद्धा नाही.”

“मलाही नाही बोलवत. न बोलता बसू.”

“...आणि कारण नसताना आलात तरी चालेल.”

तो धावत दुकानात गेला आणि सहा छोटे मासे घेऊन आला. पिशवी तशीच पाण्यावर ठेवली. आतलं पाणी टाकीतल्या पाण्याइतकं ऊबदार व्हायला वीस मिनिटं लागणार होती. वेटिंग रूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. आम्ही बाकावर शेजारी बसलो, खरंच न बोलता. माझे डोळे मिटले कधी, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. घड्याळात चाळीस मिनिटं उलटली होती. पिशवी अजून तरंगतच होती.

“अहो, उठवलं का नाही? मासे?”

“मासे मजेत आहेत,” तो जराही न हलता म्हणाला. “खांद्याला तेवढ्या मुंग्या आल्यात. पण... राहू द्या अजून थोडा वेळ.”

मी राहू दिलं.