भरलेल्या खाटा

अक्काताई रोज उन्हं कलायच्या आत पंचगंगेपलीकडच्या दवाखान्यात भाकरी घेऊन जाई. जैनाचं घर, दिवस बुडाल्यावर पोटात अन्नाचा कण जायचा नाही. तापानं फणफणलेला असतानाही भूपालनं हा नेम मोडला नव्हता. वीस वर्षांचा, एकुलता एक. ताप उतरून बारा दिवस झाले, काखेतली गाठ बसून नुसता व्रण उरला, तरी त्याला घरी सोडत नव्हते.

का? तर ऐका. महाराज गादीवर आले त्याला सहा वर्षं झाली होती, आणि प्लेगची साथ एकदाची ओसरत होती. सगळं गाव सुटकेचा निःश्वास टाकत होतं, गणपतराव डॉक्टरांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. दवाखान्याचा मक्ता त्यांचा. तीस खाटा, आणि खाटेवर माणूस असेल तरच दरबारातून तिचे रोजचे पैसे. मग काय, बरा झालेलाही आजारीच! मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे जगात पुष्कळ. हा गृहस्थ जित्यांच्या टाळूवरचं खात होता.

त्या दिवशी भूपालच्या शेजारी नवा रोगी आणून टाकलेला पाहिला आणि अक्काताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझं पोरगं धडधाकट हाय, डॉक्टर. त्येला परत लागण झाली म्हंजे?"

"अशक्तपणा आहे, बाई. अजून आठ दिवस."

"अशक्तपणा माझ्या लेकाला हाय का तुमच्या खाटंला?"

कंपाउंडर आकारामनं तिला बाजूला घेतलं. "मावशी, वरडू नगा. खाट रिकामी ऱ्हात न्हाय हितं." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "आता तर आमी ठिवली तरी ऱ्हात न्हाय."

त्याचा अर्थ विचारायला अक्काताईला सवड नव्हती. तिनं दारातच फतकल मारली आणि दरबारात जाऊन सगळं सांगते म्हणून गळा काढला. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले.

"न्या. न्या एकदाचा."

भूपाल मुकाट्यानं तिच्यामागून चालत शुक्रवार पेठेतल्या घरी आला आणि चुलीपाशी बसला. दिवस बुडाला. अक्काताईनं दिवा लावला.

"आई, वाढ."

"आरं, दिवस बुडाला की."

"वाढ."

तो चार भाकरी खाऊन उठला. ती भिंतीला टेकून बघत राहिली. दुखण्यानं माणूस बदलतं, असं तिनं स्वतःला समजावलं, पण रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात राहिलेला तांब्या आणायला ती गेली. तिसाच्या तीस खाटा भरलेल्या होत्या.

भूपालच्या खाटेवर भूपाल होता.

"आई," त्याचे ओठ सुकले होते, "काल परत का आली न्हाईस? उपाशी हाय मी."

तिनं त्याच्या काखेत हात घातला. व्रण बोटांना लागला. अंग उबदार होतं.

मग तिनं मान वर केली. पलीकडच्या खाटेवर गुळाचा अडत्या बाळासो पडला होता. आठवड्यापूर्वी तो बरा होऊन, डॉक्टरांशी भांडून घरी गेलेला. सकाळीच तिनं त्याला पेठेत गिऱ्हाइकाशी हसताना पाहिलं होतं. त्याच्या शेजारी लोहार करीम. तोही सुटलेला. दोघंही तिच्याकडं बघत होते.

"माझा लेक ह्यो हाय!" ती डॉक्टरांवर किंचाळली. "ह्येला न्हेते मी!"

"न्या की." डॉक्टरांनी मानही वर केली नाही. "काल नेला, आज न्या, उद्या न्या. माझी खाट कुठं रिकामी राहतेय?"

तिनं भूपालला उठवलं, खांद्याचा आधार दिला आणि फाटकापर्यंत आणलं.

मागून, खिडकीतून हाक आली.

"आई, चाललीस?"

तिनं मागं पाहिलं, खिडकीत भूपाल होता. खांद्यावरचा हात आता गार होता.

तिनं तो हात काढला. बरोबरचा भूपाल एकटाच घराच्या वाटेनं चालू लागला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

अक्काताई आत आली. खाटेवरच्या भूपालला तिनं पोटाशी धरलं. तो रडत होता. "खाऊ दे मेल्यांना पैका," ती दात खाऊन म्हणाली. "माझ्या लेकाला टाकून मी हितनं हलणार न्हाई."

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग आकारामकडं, आणि नुसती मान हलवली.

तेवढ्यात भावाला भाकरी द्यायला शेजारची प्रभावती आली आणि अक्काताईला पाहून उंबऱ्यातच थबकली.

"अक्का, तू हितं? आत्ता तर तुज्या दारात तुज्याशी बोलून आले की मी!"

अक्काताईनं मान वळवली. भिंतीकडेला आकाराम एकतिसावी खाट मांडत होता.