सिद्धेशचं जेवण

पेशींना रोज जेवण मीच घालायचे; रविवारी लॅबमध्ये कुणी नसतं, तेव्हाची पाळीही मी मागून घ्यायचे. जेवण म्हणजे गुलाबी पोषकद्रव. जुनं काढायचं, ताजं घालायचं. मरोळच्या आमच्या लॅबमध्ये सगळे त्याला जेवणच म्हणतात.

त्यातल्या एका बशीत माझा धाकटा भाऊ होता. म्हणजे त्याच्या रक्तापासून वाढवलेल्या हृदयाच्या पेशी. सिद्धेशचं हृदय जन्मापासून कमजोर. अशा हृदयांवर औषधं तपासायला त्याने स्वतःच रक्त दिलं होतं. "ताई, ओरिजिनल बंद पडलं तर स्पेअर आहे ना," म्हणाला, आणि स्वतःच हसला. गणपतीच्या तोंडावर ओरिजिनल बंद पडलं. पेशी मात्र दुधावरच्या सायीएवढ्या पातळ, लवचिक चिपवर धडधडत राहिल्या. त्या आकसल्या की चिप आकसायची आणि पडद्यावर रेघ उठायची.

आई जोगेश्वरीच्या घरून रोज फोन करायची.

"दर्शू, तेका भरवलंस मां गे?"

"भरवलं, आई."

"मगे बरा."

तो गेला तेव्हा आम्ही दोघी वॉर्डबाहेर चहा घेत होतो. परतलो तर चादर तोंडावर ओढलेली. "झोपेतच गेला, काही कळलं नाही त्याला," सिस्टर म्हणाली. त्या एका वाक्यावर आई जगत होती. खरं सांगायचं तर मीही.

त्या रविवारी मी खालच्या टपरीवरून चहा आणला. सगळा मजला सामसूम, नुसती इन्क्युबेटरची घरघर आणि स्पिरिटचा वास. कप तोंडाला लावला आणि पडद्यावरची रेघ अडखळली. मग धावत सुटली. मग तुटक झाली... एक ठोका, लांब थांबा, पुन्हा एक जोराचा, आतून कुणी दारावर हात आपटावा तसा. माझा चहा गार झाला तरी चाललंच होतं. शेवटी रेघ सपाट झाली. मी रडत उठले, तेवढ्यात ती पुन्हा नेहमीसारखी धडधडायला लागली.

"सेन्सरचा लोच्या असेल यार," दुसऱ्या दिवशी चैतन्य म्हणाला. चिप त्यानेच बनवलेली. त्याने मागची सगळी रेकॉर्डिंग उघडली, आणि त्याचा आवाज उतरला.

"रोज चहाच्या वेळेला आहे, आपण सगळे खाली टपरीवर असतो तेव्हा... तुझा भाऊ गेला त्या दिवसापासून. दर्शना, हे रोज मरतंय गं."

झोपेत असं कुणी मरत नाही. आणि रोज जेवण घालून मीच त्याला पुन्हा मरायला उठवत होते. मला स्वतःची किळस आली.

"संपव," चैतन्य म्हणाला. "वर मी सांगतो काय ते."

मी स्वतःच्या हाताने बशीत ब्लीच ओतलं. "सूट रे बाबा आता," एवढंच म्हणाले. पेशी विरघळल्या. चैतन्यने चिप धुतली, सुकवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एकही पेशी उरली नव्हती. दोष चिपचाच होता का ते बघायला त्याने ती कोरडीच वायरीला जोडून ठेवली. रेघ दुपारपर्यंत सपाट राहिली. किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

चहाच्या वेळेला रेघ थरथरली.

अडखळली. धावली. तुटली. सपाट झाली... आणि पुन्हा अडखळण्यापासून सुरू झाली. आधी निदान उरलेला दिवस तरी तो शांत धडधडायचा. आता तेवढंही राहिलं नव्हतं. मरण तेवढं उरलं होतं.

चैतन्यने वायर उपटली. पडदा काळा झाला. मी चिप तळहातावर घेतली, तेवढ्यात फोन वाजला.

"दर्शू, तेका भरवलंस मां?"

"हो आई," मी म्हणाले. "जेवला. शांत झोपलाय."

तळहातावर ती कोरडी चिप आकसली.