चोवीस सेकंदांचा हेवा

केतकी ओजसवर जळत होती. धाकट्या भावावर जळू नये हे तिलाही कळत होतं, पण कळतं तसं वळतं कुठे?

चंद्रावरच्या कौमुदी वस्तीतून ही भावंडं दर रविवारी आईला फोन करत. आई वर्षभरासाठी पृथ्वीवर, रत्नागिरीच्या सागर प्रयोगशाळेत गेली होती. आजोबा दोघांनाही बारा बारा रुपयांचं रिचार्ज करून देत. मिनिटाला एक रुपया आणि त्यावर वीस टक्के अबकारी कर (ठरावीक वस्तू आणि सेवांवर सरकार घेतं तो कर, विकणारा तो किमतीतच धरतो आणि सरकारकडे भरतो). रिचार्ज सारखं, दर सारखा, तरी ओजस केतकीपेक्षा जास्त वेळ बोले. तिनं घड्याळाकडे डोळे लावून पाहिलं होतं. तिची नऊ मिनिटं छत्तीस सेकंद, त्याची पूर्ण दहा मिनिटं.

"त्याला गुपचूप जास्तीचे पैसे देता ना?" शेवटी तिनं आजोबांना विचारलंच. "लाडका आहे ना तो सगळ्यांचा. आईचासुद्धा."

आजोबा वस्तीच्या संदेशकेंद्रातले जुने शास्त्रज्ञ. ते रागावले नाहीत. "तुझा फोन कोण बंद करतं?" त्यांनी विचारलं.

"मीच. आपल्याकडची रीतच आहे ना?"

रीत खरी होती. फोन मध्येच तुटला, की पृथ्वीवरच्या माणसाला वाटे, चंद्रावर काही विपरीत घडलं. म्हणून वेळ संपायच्या आत आपणच निरोप घ्यायचा. बोलताना पडद्यावर उरलेला वेळ दिसत नसे, त्यामुळे शहाणी मुलं आधी हिशेब करून ठेवत. केतकी शहाणी होती. ओजस फोन तुटेपर्यंत बडबडत राही आणि बोलणी खाई.

"हिशेब कसा केलास?"

"बाराचे वीस टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे. ते गेले, उरले नऊ रुपये साठ पैसे."

आजोबांनी डब्यातून बारा शेंगदाणे काढून टेबलावर ठेवले. "आता सांग, कर कशावर लागतो? बोलण्याच्या किमतीवर, की तू दिलेल्या सगळ्या पैशांवर?"

"बोलण्याच्या किमतीवर."

"मग बारा रुपयांत काय काय आलं?"

"बोलण्याची किंमतही आली आणि करही आला."

"आणि तू त्या सगळ्याचे वीस टक्के काढलेस. म्हणजे करावरही कर लावलास, बाई. इतका लोभ सरकारलाही नाही." आजोबा हसले. "वीस टक्के म्हणजे पाचवा हिस्सा. बोलण्याचे पाच वाटे धर. त्यातल्या एका वाट्याएवढा कर. मिळून किती?"

"सहा वाटे." केतकीनं शेंगदाण्यांचे सहा वाटे केले, दोन-दोनचे. एक बाजूला सारला. उरलेले मोजायची गरजच नव्हती. "दहा," ती हळूच म्हणाली. "दहाचे वीस टक्के दोन. दहा आणि दोन बारा."

म्हणजे चोवीस सेकंद दरवेळी तिनंच सोडून दिले होते. कुणी चोरले असते तर निदान भांडता आलं असतं. तिला स्वतःचाच राग आला.

दाराशी ऐकत उभ्या ओजसनं तेवढ्यात येऊन कराचे दोन शेंगदाणे तोंडात टाकले. "ताई, त्या शेवटच्या वेळात आई माझ्याशी बोलतच नाही," तो चावता चावता म्हणाला. "तुझंच विचारते. ताईनं आजपण घाईनं ठेवला, माझ्यावर रागावलीय का रे, म्हणते. मी म्हणतो, माहीत नाही."

इतके दिवस केतकी ज्या सेकंदांवर जळत होती, ते सगळे तिच्याच नावानं खर्च झाले होते. आजोबांनी विषय बदलला. याच कराच्या पैशांतून वस्ती नवा उपग्रह सोडणार आहे, मग मिनिटाचा दर निम्म्यावर येईल, असं ते सांगत राहिले.

पुढच्या रविवारी नऊ मिनिटं छत्तीस सेकंद झाली. आई सवयीनं बोलता बोलता थांबली.

"ठेवतेस ना, केतू?"

"नाही," केतकी म्हणाली. "अजून वेळ आहे. तू बोल."

चंद्रावरून शब्द जायला आणि उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. केतकीनं फोन कानाशी घट्ट धरला. मग आईचं हसू ऐकू आलं.