तळ नसलेली यादी

पिंगळीच्या फाट्यावर पालमची बस थांबली, तेव्हा ज्ञानेश्वरीनं मान वर केली नाही. तिचं सगळं ध्यान मोबाइलमध्ये होतं. अंगठा सरकत होता आणि बायकांची नावं एकामागून एक येत होती — नाव, गाव, कितवा महिना, मुकादमाचा नंबर… पुन्हा नाव, गाव, महिना. शेजारी कुणीतरी येऊन बसलं. नव्या स्वेटरचा वास आला, एवढंच तिला कळलं.

गाडी खड्ड्यात आदळली. बोट भलतीकडं लागलं आणि यादी झरकन पहिल्या नावावर जाऊन बसली.

“गेली! पुन्हा पहिल्यापासून…” तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“काय गेलं?” शेजारच्यानं विचारलं.

“जागा गेली माझी. तीनशेच्या पुढं आले होते. आता कुठवर आले होते ते कसं हुडकू? ह्याला ना पान, ना नंबर, ना तळ. ज्यानं हे बनवलंय ना, त्याला एकदा ह्या बसमधी पालमपर्यंत उभं करून न्यायला पाहिजे!”

तो हळूच म्हणाला, “उभंच… का?”

“उभंच!”

तो उठला. मागं दांडी धरून उभ्या असलेल्या एका म्हातारीला त्यानं आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः दांडी धरली. गंगाखेड आलं, निम्मी गाडी रिकामी झाली, तरी तो बसला नाही. ज्ञानेश्वरीला नवल वाटलं. उंच, सावळा, कपाळावर केस आलेले… आणि कान लालबुंद.

पालमच्या स्टँडवर उतरल्यावर तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“मी सूर्यभान. ते ॲप… मीच बनवलंय.”

ज्ञानेश्वरी ज्या संस्थेत काम करायची, तिचं ऑफिस पालमच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर होतं. दिवाळी झाली की आसपासची गावं अर्धी रिकामी व्हायची. नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, पार कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात. त्यांतल्या ज्या बाया गरोदर, त्यांची यादी गावोगावच्या आशाताई मोबाइलमध्ये भरायच्या. ज्ञानेश्वरीचं काम एकच — प्रत्येकीला फोन करायचा. गोळ्या घेतेस का? पाय सुजलेत का? डोकं दुखतं का? यंदा यादीत अकराशे सत्तेचाळीस नावं होती.

मागल्या सालापर्यंत रजिस्टर होतं. एका पानावर वीस नावं. पान पुरं झालं की ती कोपरा दुमडायची आणि तेवढ्यापुरती तिच्या जिवातली धाकधूक कमी व्हायची. धाकधूक जुनी होती. तिची आई, कडूबाई, अठरा हंगाम ऊस तोडायला गेली होती. ज्ञानेश्वरी सात वर्षांची असताना उसाच्या फडाजवळ, पाचटाच्या कोपीत, आईला दिवस भरायच्या आधीच झटके आले. भाऊ झाला आणि गेला. आई वाचली. त्या दिवशी आईच्या कुशीत शिरून बसलेल्या त्या पोरीला एवढंच उमगलं होतं, की आपण इथं आहोत हे कुणालाच माहीत नाही.

म्हणून नाव सुटण्याची तिला भीती वाटायची. अशी तशी नाही, हातपाय गार पडायची भीती.

“पानं पाडून द्या ना,” तिनं त्याच दिवशी सूर्यभानला सांगितलं. “खाली नंबर पाहिजे. एकोणिसावं पान झालं, आता विसावं. म्हणजे माणसाला जरा दम घेता येतो.”

संस्थेचे प्रमुख दिनकरराव हसले. “अगं, आता पानं कोण उलटतंय? दुनिया दिवसभर बोट फिरवायलीय. थकते का?”

सूर्यभाननं दोघांकडं पाहिलं. “मी काहीतरी करतो,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी तिनं ॲप उघडलं, तर यादी थेट काल जिथं सोडली होती तिथंच उघडली. त्याच नावावर. खाली त्याचा मेसेज — “आता जागा जाणार नाही. कितीही खड्डे येऊ द्या.”

ती हसली. पानांचं तिच्या मनातून गेलं नव्हतं, पण कुणीतरी आपल्यासाठी एवढं केलं… तिनं लिहिलं, “लय भारी.” मग पुसलं. मग पुन्हा तेच लिहून पाठवलं.

तो पुण्याची नोकरी सोडून पिंगळीला आला होता. वडील गेले, आई एकटी, म्हणून घरूनच काम. आठवड्यातून एकदा पालमला यायचा. मग दोनदा. मग काही कारण नसतानाही.

“आज काय बिघडलंय?” ती विचारायची.

“काही नाही. बिघडतंय का ते बघायला आलोय.”

“आणि न्हाई बिघडलं तर?”

“तर… चहा.”

एकदा तो शेतातला हुरडा घेऊन आला. माडीच्या गॅलरीत उभं राहून दोघांनी तो खाल्ला. तिच्या हनुवटीला चटणी लागली होती. त्यानं बोटानं आपल्याच हनुवटीला हात लावून खूण केली, आणि ती एवढी लाजली की तिनं तोंड पार बाजाराकडं फिरवलं. फोनच्या मधल्या वेळात त्याचे मेसेज यायचे. ती एका हातानं यादी पुढं सरकवायची, दुसऱ्या हातानं उत्तर लिहायची. जानेवारी अर्धा सरला. नावं संपत आली. एका दुपारी तळाशी पहिल्यांदाच अक्षरं दिसली — ‘आणखी नावं नाहीत.’

तिला हलकं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. सगळं झालं हे एवढ्या सहज कसं? मोजायचं तर मोजणार कुठून…

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सरजाबाईंचा फोन आला. पेठशिवणीकडच्या एका वस्तीवरच्या त्या जुन्या, खमक्या आशाताई.

“ज्ञानू, आमच्या राणीला फोन केलतास ना गं? काय म्हणाली?”

“कोणची राणी?”

“अगं, राणी! सासऱ्याच्या मातीला आली होती इकडं. मी बीपी बघितलं, दीडशेच्या वर. पाय हे एवढाले सुजलेले. आठवा लागलाय. दवाखान्यात चल म्हणलं तर टोळीकडं गाडी परत निघाली म्हणून गेली बाई तशीच. मी त्याच दिवशी मोबाइलमधी भरलं. अकरा दिवस झाले!”

ज्ञानेश्वरीनं नाव शोधलं. नाव होतं. यादीत पार वर. समोर फोन झाल्याची खूण नव्हती.

समोरच्या खुर्चीत सूर्यभान बसला होता. तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

“हे… वर कसं?” तिनं विचारलं. “मी वरून खाली आले. हे नाव वर नव्हतं.”

“खाली होतं,” तो म्हणाला. “नवी नोंद झाली की नाव वर जातं. असंच केलंय मी. तुम्ही खाली चालला होता… आणि ती तुमच्या मागून वर निघून गेली.”

“पण आधी तर—”

“आधी यादी दरवेळी पहिल्यापासून उघडायची. तुम्हाला वरची नावं दिसायची. मी ते बंद केलं.”

म्हणजे जिची तब्येत बिघडली, जिची नोंद नव्यानं झाली, नेमकी तीच मागं राहिली. ज्ञानेश्वरीनं वरून मोजायला सुरुवात केली. फोन न झालेली त्रेचाळीस नावं निघाली.

राणीचा फोन बंद. नवऱ्याचा बंद. पुन्हा लावला. बंद. मुकादम आश्रुबाचा नंबर लागला, वाजत राहिला, वाजत राहिला… कटला. तिसऱ्यांदा उचलला गेला. मागं ट्रॅक्टरचा धडधडाट.

“मुकादम, राणी कुठंय?”

“हाय की कोपीवर. सकाळपासून डोकं दुखायलंय म्हणून आज फडात आली न्हाई. डोळ्यांपुढं काजवे चमकायलेत म्हणं. झोपलीय.”

ज्ञानेश्वरीच्या कानात सात वर्षांच्या पोरीचं रडणं घुमायला लागलं. तरी आवाज कसा कोण जाणे, लख्ख बाहेर आला.

“झोपू देऊ नका. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. एकशे आठला फोन लावा, न्हाई आली तर मिळंल ती गाडी. झटके येतील तिला मुकादम… जीव जाईल. दोघांचा.”

“एवढं हाय?”

“एवढं हाय.”

“ट्रॅक्टर थांबव रे!” आश्रुबा ओरडला, आणि फोन कटला.

मग वाट पाहणं. सूर्यभाननं दुसरा मोबाइल घेतला, वहीचं एक पान फाडलं, त्रेचाळीस नावं एकाखाली एक लिहिली, आकडे घातले. निम्मी तिच्याकडं सरकवली. “पायावर सूज हाय का, ताई?” तो अडखळत विचारत होता. पलीकडची बाई बहुधा लाजली, कारण त्यानं घाईघाईनं सांगितलं, “मी दवाखान्याकडूनच बोलतोय… न्हाई, डॉक्टर न्हाई. पण सांगा.” दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. त्रेचाळिसांतल्या आणखी दोघींना दवाखान्यात पाठवावं लागलं.

दिवस मावळताना आश्रुबाचा फोन आला. राणीला दवाखान्याच्या दारातच झटका आला होता. दारात… कोपीत नाही. ऑपरेशन झालं. मुलगी. दीड किलो. काचेच्या पेटीत ठेवली होती. राणी अजून शुद्धीवर नव्हती.

“सकाळी कळंल, म्हणले डॉक्टर.”

ज्ञानेश्वरीनं पर्स उचलली. जिन्यात सूर्यभान तिच्यामागं आला. “ज्ञानेश्वरी…” त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली. ती थांबली नाही.

सकाळी राणीनं डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी पोरगी दूध प्यायला लागली. सगळ्यांनी ज्ञानेश्वरीचं कौतुक केलं. तिला मात्र कुणी आपलं नाव घेतलं तरी दचकायला व्हायचं. सूर्यभानचे मेसेज आले. तिनं उघडले नाहीत. तो आलाही नाही. रोज ती वरून खाली आणि खालून पुन्हा वर, अशी दोनदा यादी तपासायची. डोळे दुखायचे.

दहाव्या दिवशी तो आला. दाढी वाढलेली. दिनकररावांसमोर त्यानं मोबाइल ठेवला.

“अठ्ठावन्न पानं,” तो म्हणाला. “एका पानावर वीस. गावाप्रमाणं, मग नावाप्रमाणं. नाव आपली जागा सोडत नाही. खाली किती झाली, किती राहिली. आणि जिची तब्येत बिघडल्याची नोंद होईल, ती जागेवर लाल होते आणि कुठलंही पान उघडलं तरी त्याच्या माथ्यावरही दिसते. फोन झाल्याशिवाय तिथून हलत नाही.”

“पण बोट फिरवायला—” दिनकरराव म्हणाले.

“सर,” ज्ञानेश्वरी म्हणाली, “ज्याला काही शोधायचं न्हाई, त्यानं बोट फिरवावं. इथं एकही बाई सुटायला नको.”

दिनकररावांनी मान हलवली.

तिनं परीक्षा घेतलीच. चौदावं पान उघडून सरजाबाईंना फोन लावला. “ताई, परीक्षेपुरती कुणाचीही तब्येत बिघडल्याची एक नोंद करा. कुणाची ते मला सांगू नका.” मिनिटभरानं वर लाल रेघेत एक नाव उमटलं. ती त्या नावाच्या पानावर गेली. नाव तिथंही होतं, आपल्या जागी, लाल. तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं. खांदे सैल पडले.

गॅलरीत दोघंच होते. खाली बाजार भरला होता, ओल्या कोथिंबिरीचा वास वर येत होता.

“तुमी पानं मागत होता,” सूर्यभान म्हणाला. “मी तुमाला खूश करायला दुसरंच दिलं. ऐकलंच न्हाई तुमचं.”

“ते मी कधीच सोडून दिलं.”

“मग बोलत का न्हाई?”

ती बराच वेळ कठड्याचा रंग नखानं खरवडत राहिली.

“त्या दिवसांत मी लय सुखात होते,” ती शेवटी म्हणाली. “फोन लावता लावता तुमचा मेसेज यायचा, मी हसायचे… आणि तिकडं राणी. आता भ्या वाटतं. वाटतं, मी सुखात असले की कुणाचं तरी नाव सुटंल.”

‘असं काही नसतं’ असं तो म्हणाला नाही.

“मला पण भ्या वाटतं,” तो म्हणाला. “त्या दिवसापासून एक ओळ लिहिली की चारदा वाचतो. पण एकट्यानं घाबरलं की हात थरथरतात. दोघं घाबरले तर… एकानं वाचायचं, दुसऱ्यानं तपासायचं. मी सुखाचं न्हाई म्हणत, ज्ञानेश्वरी. सोबतीचं म्हणतो. तुमी माझ्याशी—” तो थांबला. कान पार लाल झाले. “हे चारदा वाचून आलतो. तरी विसरलो.”

तिला हसू आलं. मनातली भीती तशीच होती, पण हसू तिच्याशेजारी दाटीवाटीनं येऊन बसलं.

“रविवारी आई घरी असते,” ती म्हणाली. “अनोळखी माणसाला एकदम बोलत न्हाई ती. प्रश्न लय विचारते.”

“मला आत्ताच धडकी भरायलीय.”

“भरू दे,” ती म्हणाली. “तरी ये.”

त्या ‘ये’मधलं ‘तुमी’ कुठं गेलं, ते दोघांनाही एकदमच कळलं. तिनं तोंड बाजाराकडं फिरवलं नाही.