मोटारीला दिलेलं तेल

"हात लावू नको गाडीले!"

बारा वर्षांनी मोठ्या भावाच्या तोंडून ऐकलेले हे पहिले शब्द! सिंदीच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये, धुळीनं माखलेल्या जुन्या फियाटचं बॉनेट उचलायला कैलासनं हात पुढे केला होता, तो तसाच अर्ध्यावर थांबला... बाजेवर बसलेल्या योगेंद्रनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, मी बोलावलं काकाले," अंकिता मधे पडली. योगेंद्रची एकुलती एक लेक, येत्या मार्गशीर्षात तिचं लग्न होतं. "माही आई ज्या गाडीत शेवटची बसली, त्याच गाडीतून मी मांडवात जाईन. नाई तर जाणारच नाई! अन् हिची नस न् नस काकाशिवाय कोणाले मालूम आहे?"

लेकीच्या हट्टापुढं बापाचं काय चालतं! योगेंद्रनं तोंड फिरवलं, पण उठून काही गेला नाही.

कैलासनं बॉनेट उघडलं, आणि ब्रेक ऑइलची ती छोटी बाटली दिसली... बारा वर्षांपूर्वी, कोजागिरीच्या दिवशी योगेंद्र आणि मयुरी वहिनी याच गाडीतून वर्ध्याला निघाले होते. नाल्याच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. गाडी कडेच्या खड्ड्यात गेली, दार उघडलं, आणि ती हसरी लक्ष्मी बाहेर फेकली गेली ती कायमची! गाडी ओढून घरी आणली तेव्हा कैलासनंच बॉनेट उघडलं होतं. बाटलीच्या झाकणावर हळदीकुंकवाची दोन बोटं उमटलेली होती, आणि आतून जवसाच्या तेलाचा वास येत होता...

दर दसऱ्याला बैलबंडीच्या आसाला तेल देण्याचा त्याच्या मायचा, प्रमिलाबाईचा, नेम होता. वडील गेले, त्या साली बंडी विकली. मग तिनं त्या वर्षीचं तेल मोटारीला दिलं होतं! कैलासला त्या बाटलीत तेल ओतताना तिनं कितीदा पाहिलं होतं. ते तेल वेगळं असतं, हे त्या माउलीला कोण सांगणार? घरातलं तेल ब्रेकमध्ये गेलं की आतली रबरं फुगतात, आणि रबरं फुगली की ब्रेक ऐन वेळी दगा देतो. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंतच्या पाच दिवसांत तेच झालं होतं.

सुनेला पोटच्या लेकीसारखी जपणारी ती बाई! आपल्या हातून काय झालं हे तिला कळलं असतं, तर तिनं त्याच दिवशी विहीर जवळ केली असती. कैलासनं शर्टाच्या बाहीनं झाकण पुसलं, अंगणात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, माहीच चूक झाली. पाइपाचा नट आवळाचा राह्यला होता."

बस्स! एका वाक्यानं त्याचं घर गेलं, भाऊ गेला. ज्या वहिनीनं त्याला पहिला घास वाढल्याशिवाय स्वतः कधी तोंडात घातला नाही, तिच्या तेरवीला त्याला फाटकातूनच परत पाठवलं. ठरलेली सोयरीक मोडली. ज्याच्या हातानं भावजय गेली, त्याला पोरगी कोण देणार! वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत, एका खोलीत राहून लोकांच्या गाड्या दुरुस्त करता करता त्याची पन्नाशी आली. काळ हे औषध आहे म्हणतात... काळाला काय कळतं कप्पाळ!

त्यानं एकेक चाक काढलं. गंजून घट्ट बसलेले सगळे ड्रम ठोकून ठोकून मोकळे केले. मग ब्रेकचा मुख्य पंप खोलला, आणि आतलं रबर बाहेर आलं ते वड्यासारखं टम्म फुगलेलं.

"काका, हे असं काऊन फुगलं?" अंकितानं वाकून विचारलं.

"जुनं झालं की फुगते," तो घाईघाईनं म्हणाला आणि रबर फडक्यात गुंडाळू लागला.

पण आजकालच्या पोरी कुठं ऐकतात! तिनं लगेच मोबाइल काढला. "याच्यात तर लिहून आहे, का खायचं तेल गेलं की फुगते. अन् नट ढिला राह्यला तर तेल गळून जाईन ना काका? रबर कायले फुगन?"

"चूप बस वो! मोबाइलले काय समजते!"

कैलासचा आवाज चिरकला. बाजेवरच्या योगेंद्रनं पहिल्यांदाच मान वळवून धाकट्या भावाकडे पाहिलं.

एवढ्यात काठी टेकत प्रमिलाबाई शेडमध्ये आली. शहाऐंशी वर्षांची, कमरेतून वाकलेली. हातात पूजेचं ताट. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची नवमी होती ती.

"आला रे बाप्पा माहा कैलास!" तिनं त्याचं तोंड कुरवाळलं. मग ताटातली वाटी उचलली आणि सरळ त्या उघड्या बाटलीकडे नेली.

"माय, थांब!" कैलासनं तिचं मनगट धरलं. जवसाचं तेल मडगार्डवर सांडलं.

"काऊन थांबू? सणासुदीचं आसाले तेल द्याच लागते. बंडी विकली, त्या साली मोटरले मीच तर देल्लं होतं, चांगलं वाटीभर! तू गावात गेलता, तुले कुठं मालूम आहे!" आणि ती बोळक्या तोंडानं कौतुकानं हसली.

योगेंद्र उठून उभा राहिला. त्यानं मायच्या हातातली वाटी पाहिली, फडक्यातलं रबर पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कैलास... तुले मालूम होतं?"

मायला दिसू नये म्हणून कैलासनं तिच्याकडे पाठ केली, आणि छातीशी दोन्ही हात जोडले. "दादा, तुह्या पाया पडतो," तो कुजबुजला. "तिच्यासमोर नको..."

पण पाया पडला तो योगेंद्रच! साठीचा मोठा भाऊ, धाकट्याच्या ग्रीसनं माखलेल्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडू लागला...

"अरे, अरे! लहान्याच्या पाया पडते काय कोणी?" म्हातारी गडबडली. मग तिला वाटलं, आपल्याला कळलं, थोरल्याचा राग विरघळला. आणि तिचेही डोळे भरून आले. "बारा वर्सं झाले, रोज सांगून राह्यली मी याले. चुकते माणूस, टाक ना करून माफ लहान्याले! मराच्या आधी एकडाव माह्या कानानं आयकू दे रे. बोल योगेंद्र, केलं का माफ?"

योगेंद्रच्या ओठांवर सत्य येऊन उभं होतं. कोणी कोणाला माफ करायचं, देवा! अंकितानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. आणि कैलास... तो निरपराध कैलास, भावाला उठवून, स्वतः गुन्हेगारासारखी मान खाली घालून मायसमोर उभा राहिला. "बोल ना दादा," तो हळूच म्हणाला. "केलं म्हण."

"केलं, माय." योगेंद्र म्हणाला. "कैलासले म्या माफ केलं."

म्हातारीनं दोघांच्याही तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पोरी, काकाचं ताट आज आतच वाढजो," अंकिताला सांगत, तिचा हात धरून ती घरात गेली. बारा वर्षांत इतकी हलकी ती चालली नव्हती.

काठीचा आवाज दूर गेल्यावर योगेंद्र म्हणाला, "आता मले कोण माफ करन रे?"

पिशवीतून नवी रबरं काढून कैलासनं ती पंपात आणि चाकांत बसवली, नवं ब्रेक ऑइल भरलं. त्याला तीन-चार तास लागले. तेवढा वेळ योगेंद्र बाजूला उभा राहून मागेल तो पाना देत होता. मग कैलासनं ड्रायव्हरकडचं दार उघडलं.

"पाइपातली हवा काढाची आहे, दादा. एकट्यानं नाई होत. तू आत बस, मी म्हणन तवा पायडल दाब."

त्या कोजागिरीपासून योगेंद्र त्या सीटवर बसला नव्हता. आज बसला. मागच्या चाकाशी आडवा झालेला कैलास "दाब", "सोड" म्हणत होता, आणि योगेंद्र रडत रडत पायडल दाबत होता. त्याचा डावा हात बाजूच्या रिकाम्या सीटवर होता.