चिमूटभर मोरचूद

पंखा लागला आणि मनवाची सकाळभराची मेहनत उडाली.

गिरगावातल्या जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मागच्या खोलीत तिने फाटकी पानं सांधायला टेबलभर पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या कापून मांडल्या होत्या. आता त्यातल्या काही कपाटाखाली होत्या, काही खिडकीबाहेर, आणि एक दारातल्या माणसाच्या दाढीत.

“सॉरी... सॉरी मॅडम! मरणाचं उकडत होतं, म्हणून म्हटलं—”

“पंखा बंद करा.”

त्याने केला. मग दाढीतली पट्टी चिमटीत धरून अदबीने पुढे केली. “ही तुमची.”

एरवी मनवा हसली असती, पण आता तेवढंही त्राण नव्हतं. गेली काही वर्षं हेच चाललं होतं... कुणाची तरी कुजकी पुस्तकं जगवायची, काम संपलं की नमस्कार करून निघायचं. लग्नापर्यंत आलेला एक मुलगाही मध्यंतरी असाच निघून गेला होता, तो तर नमस्कारही न करता. तेव्हापासून दादरच्या घरी परतताना तिला वाटायचं, आता कुणाचीच ओळख वाढवू नये.

आलेला माणूस संघर्ष, करी रोडचा. तिने पान दुरुस्त करायचं, त्याने त्याचा फोटो काढायचा, असं ठरलं होतं. पुस्तकं दीडशे वर्षांपूर्वीची, मराठी. काही ईश्वरशास्त्राची, काही ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाची, आणि यातल्या बऱ्याचशा पुस्तकांची दुसरी प्रत कुठेच सापडली नव्हती. छपराची दुरुस्ती निघाल्यामुळे महिनाअखेर खोली रिकामी करायची होती. पुण्याचं एक ग्रंथालय सगळी पुस्तकं घ्यायला तयार होतं, पण धड असलेलीच.

चर्चच्या सुनेत्राबाई रोज दुपारी चहा आणायच्या. या चर्चमध्ये पाळकही एकटे काही ठरवत नाहीत, निवडलेलं वडीलमंडळ बसून ठराव करतं. सुनेत्राबाई त्या मंडळात होत्या, आणि ते त्यांच्या बोलण्यात उतरलं होतं. “आज बिस्किटं खारी असावीत, असं मी मांडते,” असं म्हणून त्या डबा उघडायच्या.

संघर्ष फोटो काढता काढता पानं वाचायचा. मोठ्याने.

“हे बघितलंस का? माणसाचं सगळं देवाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं म्हणे.” ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ केव्हाच मागे पडलं होतं.

“मग तू पंखा लावलास, तेही ठरलेलंच?”

“नाय गं. ते माझं स्वतःचं कर्तृत्व.” तो हसला. “आम्ही बौद्ध. आमच्यात असं वरून ठरून येत नाही. आपलं आपणच निस्तरायचं.”

मनवाने मान खाली घातली, पण ओठांचा कोपरा वर गेलाच. ती थकली होती आणि तिला तो आवडायला लागला होता. एकाच वेळी दोन्ही म्हणजे भलताच वैताग! शेवटचं पुस्तक संपलं की तोही जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आणि मग त्याने तो घोळ घातला.

पुस्तकांना कसर लागली होती. ते किडे झटकून झटकून मनवाचे डोळे लाल झालेले त्याने पाहिले होते. दुसऱ्या दिवशी ती यायच्या आत त्याने गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवून ठेवली. मनवाने ती लावली, पानं दाबाखाली ठेवली. दुपारी उघडून बघते तो पट्ट्यांच्या कडेने निळसर झाक!

“संघर्ष, खळीत काय घातलंस?”

“चिमूटभर मोरचूद... आजी घालायची. चौदा एप्रिलची पोस्टरं चिकटवायला ती अख्ख्या चाळीची खळ करायची. झुरळ फिरकायचं नाही. मला वाटलं, तुझा त्रास—”

“मोरचुदाने कागद जळतो रे! आज नाही, पण हळूहळू.” तिचा आवाज फुटला. “आमचा पहिला नियम काय, माहितीये? लावलेलं काढता आलं पाहिजे.”

तो पांढराफटक पडला. मग बाह्या सरसावून म्हणाला, “सांग, कसं काढायचं. निस्तरतो.”

ओला टिपकागद ठेवायचा, खळ फुगू द्यायची, पट्टी अलगद सोडवायची, पान धुवायचं, वाळवायचं. पंख्याशिवाय. दोघं घामाने निथळत शेजारी शेजारी बसून, बोटाला बोट लागेल इतक्या जवळून, लावलेलं सगळं काढत राहिले. तिने त्याला माफ केव्हा केलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

महिनाअखेर खोकी भरली. हातात फक्त एक पान उरलं होतं, तेच, सगळं आधी ठरलेलं असतं म्हणणारं. त्याच्या कोपऱ्यात नखाएवढी निळी झाक राहिली होती.

“अजून एकदा धुवूया?” संघर्षने विचारलं.

“फाटेल. राहू दे.”

“पण तुझा नियम?”

“दमले मी त्या नियमाला,” मनवा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “सगळं सुटेल असंच लावायचं. पुस्तकाला ठीक आहे रे... माणसांनाही मी जीव तसाच लावत आले.”

त्याने घसा खाकरला. “उद्यापासून मला इथे काही काम नाय. पण मला तुला रोज भेटायचंय. हे आधी ठरलेलं वगैरे नाय हां... मी ठरवलंय. तू आवडतेस मला.”

दारात कपांचा आवाज झाला. सुनेत्राबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या, केव्हापासून कोण जाणे.

“ठराव मांडला गेलाय,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “अनुमोदन कोण देतंय?”

संघर्ष कानापर्यंत लाल झाला. मनवाने पान खोक्यात ठेवलं, झाकण लावलं, उठली आणि सरळ भिंतीपाशी गेली. महिनाभर ज्या बटणाला तिने कुणाला हात लावू दिला नव्हता, ते तिने दाबलं.

पंखा गरगरला. उरलेल्या पट्ट्या खोलीभर उडाल्या, आणि त्यातली एक त्याच्या दाढीत अडकली.

“मी,” मनवा म्हणाली, आणि ती काढायला पुढे झाली.