शेवटचं वाक्य तालमीत बोलायचं नसतं

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका. जिच्या डोळ्यांदेखत हे घडलं ती माझी बायको आहे, आणि मी हे लिहितोय तेव्हा ती पलीकडच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसली आहे.

तारीख १४ ऑक्टोबर १९७४. सोमवार, संध्याकाळचे साडेसात.

ठिकाण यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं एक थिएटर. गावाचं नाव सांगत नाही, कारण थिएटर अजून चालू आहे. नटांची नावंही बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

नटाला आपण डेन्झिल हॉलरॉइड म्हणू.

एके काळी इंग्लंडमध्ये सिनेमाला जाणाऱ्या प्रत्येकाला हा चेहरा माहीत होता. थंड डोळ्यांचा जेलर. थंड डोळ्यांचा कर्नल. बायकोला हळूहळू वेड लावणारा थंड डोळ्यांचा नवरा. प्रेक्षक म्हणायचे, काय अभिनय करतो हा माणूस! सोबत काम केलेले लोक म्हणायचे, अभिनय कसला, कॅमेरा चालू असताना तो फक्त कपडे बदलतो.

चौऱ्याहत्तर सालापर्यंत सिनेमे संपले होते. शेवटचं पडद्यावरचं काम म्हणजे टीव्हीवरची कस्टर्डची जाहिरात. लंडनच्या एका नाटकात तो सलग तीन प्रयोगांत वाक्यं विसरला आणि त्याला गुपचूप काढून टाकलं. कारण बाहेर गेलं नाही, पण कुजबुज व्हायची ती झालीच.

म्हणून तो इथे आला. ज्या थिएटरात तेविसाव्या वर्षी सुरुवात केली, तिथेच. नाटकही तेच जुनं. एक म्हातारा न्यायाधीश पोटच्या मुलाला घराबाहेर काढतो, ती गोष्ट. हे चाललं तर लंडनला जाणार होतं. नाही चाललं तर डेन्झिल हॉलरॉइडला पुन्हा कोणी रंगमंचावर उभं करणार नव्हतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती. त्याला आता पाठांतर होत नव्हतं. रात्री घोकलेलं सकाळी साफ पुसलेलं असायचं.

माझी बायको मॉरीन तेव्हा चोवीस वर्षांची. प्रयोगात डाव्या विंगेतल्या कोपऱ्यात संहिता घेऊन बसायचं, कोणी अडकलं तर वाक्य सुचवायचं, दिव्यांचे आणि दारांचे इशारे द्यायचे, हे तिचं काम. तालमीत मात्र ती खाली, रंगमंचासमोर टेबल टाकून बसायची.

पहिल्याच दिवशी डेन्झिलने तिला सगळ्यांसमोर विचारलं, "पोरी, तूच का प्रॉम्प्टर? एकदा बोलून दाखव बघू."

तिने एक वाक्य वाचलं.

"बाप रे! दूध नासेल या आवाजाने. मी मेलो तरी चालेल, पण तू मला सुचवू नकोस."

सगळे हसले. नाटकवाली माणसं मोठ्या नटाच्या विनोदाला हसतातच. मॉरीन खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत राहिली.

चौथ्या दिवशी त्याला संहिता हातातून खाली ठेवावी लागली. दुसऱ्याच पानावर तो थांबला.

डोकं रिकामं.

सगळे वाट बघतायत. मॉरीनने तोंड उघडलं, मग त्याचं बोलणं आठवून मिटलं.

आणि तेवढ्यात... डाव्या कोपऱ्यातून आवाज आला.

हलका, पुरुषी, म्हातारा आवाज. वाक्याचे पहिले तीनच शब्द. कसलेला प्रॉम्प्टर देतो तितकेच. ना एक कमी, ना एक जास्त.

डेन्झिलने वाक्य उचललं आणि तालीम पुढे गेली.

त्या दिवशी असं नऊ वेळा झालं. दुसऱ्या दिवशी वीस वेळा. आवाज कधी उशीर करत नव्हता. उलट, पुढे पुढे तो डेन्झिल अडकण्याच्या आधीच यायला लागला. शब्दांच्या मध्ये एक बारीक आवाज असायचा...

टक्. टक्.

तोंडात गोळी घोळवताना ती कवळीवर आपटावी, तसा.

आठवड्याने तो मॉरीनला म्हणाला, "तो कोपऱ्यातला माणूस कोण गं? या थिएटरात त्या एकट्यालाच काम येतं."

दिव्यांची जोडणी करणारा मनुष्य तिथे तारा घेऊन बसलेला असायचा. तिला वाटलं, त्याच्याबद्दलच बोलतोय. ती म्हणाली, "हो, जुना माणूस आहे."

संपलं. डेन्झिलने पाठांतर सोडून दिलं. संध्याकाळी खोलीवर जाऊन संहिता उघडायच्या ऐवजी तो व्हिस्की उघडायला लागला. कशाला डोकेफोड करायची? कोपऱ्यात माणूस होता ना.

आता एक रिवाज सांगायला हवा. तिकडच्या जुन्या नाटकवाल्यांत नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत बोलत नाहीत. प्रेक्षक नसताना बोललं तर अपशकुन. ते वाक्य पहिल्यांदा उच्चारायचं ते भरलेल्या थिएटरात. तालमीत तिथे नुसतं "टमटी-टम" म्हणायचं आणि लाकडावर टिचकी मारायची.

डेन्झिलने तीन आठवडे टमटी-टम म्हटलं.

सोमवारी दुपारी रंगीत तालीम संपली. मॉरीन भीत भीत त्याच्याजवळ गेली.

"मिस्टर हॉलरॉइड, ते शेवटचं वाक्य एकदा बघून घ्यायचं का? बोलू नका. नुसतं डोळ्यांखालून घाला."

"तुझी आई लंगोटात होती तेव्हापासून मला ते वाक्य येतं," तो म्हणाला. "जा, चहा आण. आणि साखर घालताना तरी तोंड बंद ठेव."

ती चहा घेऊन आली. मी तिच्या जागी असतो तर काय घालून आणला असता ते सांगत नाही.

संध्याकाळी थिएटर खचाखच भरलं. लंडनहून आलेले दोन निर्माते तिसऱ्या रांगेत होते.

पहिला अंक उत्तम. दुसरा त्याहून उत्तम. प्रत्येक वाक्याआधी कोपऱ्यातून शब्द येत होते. डेन्झिल जुन्या दिवसांतल्यासारखा तळपत होता. मध्यंतरात तो घाम पुसत विंगेत आला. पहिल्यांदाच हसून मॉरीनला म्हणाला, "त्या कोपऱ्यातल्या माणसाला माझ्याकडून एक बाटली दे."

"कोणता माणूस?"

"अगं, जो मला सुचवतोय तो!"

मॉरीन म्हणाली, "कोपऱ्यात मी एकटी बसते, मिस्टर हॉलरॉइड. आणि तीन आठवड्यांत तुम्हाला एकदाही सुचवावं लागलं नाही. सगळे हेच बोलतायत, या वयात काय पाठांतर आहे!"

डेन्झिलचा हात रुमालासकट गालावर तसाच राहिला.

मग त्याला वास आला... खोकल्याच्या गोळ्यांचा. ज्येष्ठमध आणि कापराचा.

तो वास त्याला अडतीस वर्षांपासून माहीत होता.

विल्फ्रेड टॅलिस. या थिएटरातला जुना नट. यानेच डेन्झिलला कामावर घेतलं होतं. विंगेत कुठे उभं राहायचं, टाळी कशी थांबू द्यायची, सगळं यानेच शिकवलं. आपल्या डब्यातलं अर्धं सँडविच रोज त्याला द्यायचा. छत्तीस साली टॅलिस हाच न्यायाधीश करत होता, आणि कोपऱ्यात संहिता घेऊन बसायचा डेन्झिल. म्हाताऱ्याची आठवण दगा द्यायला लागली होती. हे त्याने एकट्या डेन्झिललाच सांगितलं होतं.

"पोरा, मी अडकलो तर तू आहेस ना?"

"आहे ना, सर."

शनिवारी लंडनचा एक मोठा माणूस नाटकाला आला. टॅलिस शेवटच्या वाक्यापर्यंत पोचला आणि अडकला. त्याने डावीकडे पाहिलं. डेन्झिलचं बोट त्या वाक्यावरच होतं. टॅलिसला जमलं नाही तर न्यायाधीश डेन्झिलने करायचा असं ठरलेलं होतं, आणि हेही त्याला त्या क्षणी आठवत होतं.

त्याने म्हाताऱ्याच्या डोळ्यांत डोळे घातले.

आणि हळूच संहिता मिटली.

म्हातारा तसाच उभा. वरच्या सज्जातून कोणी ओरडलं, "घरी जा आजोबा, चहा गार होतोय!" सगळं थिएटर हसलं. सोमवारी न्यायाधीशाचा झगा डेन्झिलच्या अंगावर होता. तो लंडनवाला माणूस पुन्हा येऊन बसला, आणि पुढचं आयुष्य तुम्हाला सांगितलंच आहे.

टॅलिस तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग एका सकाळी समुद्रावर गेला. समुद्राने त्याला परत दिलं तेव्हा खिशात गोळ्यांची डबी होती. डेन्झिल अंत्यविधीला गेला नाही. त्या दिवशी त्याचा दुपारचा प्रयोग होता.

मध्यंतर संपल्याची घंटा झाली.

डेन्झिलला पळून जावंसं वाटत होतं. पण जाणार कुठे? तिसरा अंक त्याच्या डोक्यात नव्हताच. तो होता... कोपऱ्यात.

आणि आवाज आला. वेळेवर, इमानदारीत, एकेक वाक्य. डेन्झिलला हायसं वाटलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने माफ केलं. काय माणसं असतात बघा! मारलेल्या माणसाकडूनसुद्धा सेवेची अपेक्षा.

शेवटचा प्रसंग. मुलगा दाराशी आलाय. न्यायाधीशाने एकच वाक्य बोलायचं, दार उघडायचं आणि पडदा पडायचा.

डेन्झिल थांबला.

आवाज आला नाही.

तो वाट बघत राहिला. त्याने डावीकडे पाहिलं. निळ्या दिव्याखाली मॉरीन बसलेली होती. तिने वाक्य सांगितलं. मग पुन्हा, मोठ्याने. तिसऱ्यांदा तर इतक्या मोठ्याने की पहिल्या रांगेतल्या लोकांनी ऐकलं.

डेन्झिलने ऐकलं नाही. तिचे ओठ हलताना त्याला दिसत होते. ऐकू येत होतं ते एवढंच...

टक्. टक्. टक्.

आणि मग पुस्तक मिटल्याचा आवाज.

मॉरीन शपथेवर सांगते, संहिता तिच्या हातात उघडीच होती.

आधी कोणीतरी खोकलं. मग एक बाई खुदकन हसली. मग हसू रांगांतून पसरत गेलं. कोणी संथ टाळ्या वाजवायला लागलं. डेन्झिल तोंड उघडं टाकून उभा, आणि त्याच्या पायघोळ झग्याखाली ओलं झालेलं तिसऱ्या रांगेपर्यंत दिसलं. शेवटी पडदा पाडावा लागला.

त्यानंतर तो कधीच रंगमंचावर उभा राहिला नाही.

पुढची अकरा वर्षं तो म्हाताऱ्या नटांच्या आश्रमात होता. त्याला कोणी भेटायला यायचं नाही. माझी बायको मात्र दर बुधवारी जायची. मी चिडायचो. "ज्याने तुला कुत्र्यासारखं वागवलं त्याला केक कसले नेतेस?" ती म्हणायची, "मी त्याची प्रॉम्प्टर होते. त्याला वाक्य पोचवता आलं नाही मला."

त्यानेच तिला हे सगळं सांगितलं. दर बुधवारी, तेच, तसंच. फक्त ते शेवटचं वाक्य तो कधी बोलला नाही. ती सांगायला गेली तर कान दाबून घ्यायचा.

१९८५ च्या मार्चमधली दुपार. स्वच्छ ऊन. मॉरीन चहा ओतत होती.

डेन्झिल अचानक ताठ बसला. त्याने डावीकडे मान कलती केली... जणू कोणी काही सांगतंय. मग आपल्या जुन्या, भरदार आवाजात तो ते वाक्य बोलला.

"दार उघडा. किती वेळ बाहेर उभं ठेवलंय त्याला!"

खोलीत प्रेक्षक नव्हते. होती ती फक्त मॉरीन.

आणि मॉरीनने काय केलं? वर्षानुवर्षांची सवय. त्या वाक्यावर दार उघडायचा इशारा तिचा. ती किटली ठेवून उठली आणि तिने दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. लांबलचक रिकामा पॅसेज. फक्त ज्येष्ठमध आणि कापराचा वास तिच्या अंगावरून आत गेला.

तिने वळून पाहिलं. डेन्झिल मेलेला होता. तोंड उघडं, अगदी त्या दिवशीसारखं.

इथेच संपायला हवं होतं. मीही इतकी वर्षं तसंच धरून चाललो होतो.

मॉरीन आता पंचाहत्तरची आहे. दोन वर्षांपासून ती विसरते. गॅस, चष्मा, नातवाचं नाव. डॉक्टरांनी आठवणीची परीक्षा घेतली आणि ते चकित झाले. एकही उत्तर चुकलं नाही. "जरा थांबून देतात, पण बरोबर देतात," म्हणाले.

ती का थांबते, ते मी पाहिलंय.

गेल्या रविवारी ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझं नाव आठवत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचं नाव. मी काही बोलणार, एवढ्यात तिने मान डावीकडे कलती केली. ऐकलं. आणि हसून म्हणाली, "सदाशिव, चहा टाकतोस का?"

"कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"कोपऱ्यातला माणूस," ती म्हणाली. "खूप चांगला आहे रे. कधी उशीर करत नाही."

तेव्हापासून मी तिच्या डावीकडे खुर्ची टाकून बसतो. तिच्या वहीत सगळी नावं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहेत, आणि रोज सकाळी ती तिच्याकडून घोकून घेतो. ती कंटाळते. म्हणते, कशाला डोकेफोड, तो आहे ना.

आज हे लिहायला म्हणून तेवढा उठून इकडे आलोय. आत्ता पलीकडून तिचा आवाज येत होता. शब्दकोड्यातला शब्द अडला असावा. ती थांबली.

मीही लिहायचा थांबलो.

टक्... टक्...

आणि अजून ती काही बोललेली नाही.